माघातला वाफा, वैशाखाचं पाणी

(साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे माघ महिन्यात झालेल्या शेतकरी बैठकीतील भाषण. जिल्हा बैठकीसाठी शब्दांकित.)



आतापर्यंत कापसावर बोलणं झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पीक शेतात उभं असताना केंद्र सरकारनं कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सूट पुढं डिसेंबरअखेर वाढवली, त्यावर तुम्ही जे बोललात ते मी लिहून घेतलं आहे. आता मी उठलो तर तुम्हाला वाटलं असेल, हा त्याच्यावरच बोलणार. मी आज भाजीवर बोलणार आहे. परसातल्या भाजीवर.

हसू नका. मागं कुणीतरी म्हणालं, "भाव मागायला आलो, हे वांगी लावायला सांगतेत." ते म्हणणं खोटं नाही. ज्यांना शेतीमालाला भाव द्यायचा नसतो त्यांना शेतकऱ्याच्या परसबागेचा फार कळवळा येतो. कर्ज फिटत नाही म्हटलं की ते सांगतात कोंबड्या पाळा, शेळ्या पाळा, दारात पालक लावा. जणू पालक लावला नाही म्हणून हा कर्जात बुडाला! तसलं मी काही सांगणार नाही. दहा हात वाफ्यानं कुणाचा सातबारा कोरा होत नाही. भावाची मागणी आहे तिथंच राहील. पण मागणी पुरी होईपर्यंत घरातल्या ताटात काय पडतं आणि खिशातून काय जातं, हा हिशेब आपलाच आहे आणि तो आपण कधी मांडत नाही.

तो आज मांडू. बाजाराच्या दिवशी पिशवीत भाजीचे किती रुपये जातात? समोरच्या बहिणी म्हणताहेत, तीनशे. धरा तीनशे. वर्षाचे बावन्न बाजार, म्हणजे पंधरा हजार सहाशे रुपये. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल जाहीर झाला. तो हातात पडला तरी जवळजवळ दोन क्विंटल कापूस भाजीच्या पिशवीत गेला. नाही पडला तर सव्वादोन, अडीच. आपली कोरडवाहू रानं, एकरी चार-पाच क्विंटल आला तर आपण बरं पिकलं म्हणतो. म्हणजे अर्ध्या एकराची नांगरट, बियाणं, खत, फवारणी, निंदणी, वेचणी, सगळं बाजारातल्या बटाट्यासाठी! आणि पिशवीत बहुतेक बटाटेच असतात, कारण चैत्रानंतर हिरवी जुडी परवडत नाही आणि आणली तरी घरी येईपर्यंत मान टाकते.

पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी सगळं चांगलं होतं असं म्हणणारा मी नाही. तेव्हा दुष्काळात माणसं सुकडीवर जगली. पण भाजी ही विकत आणायची वस्तू नव्हती एवढं खरं. ज्वारीच्या, कापसाच्या पाट्यांत अंबाडी असायची, चवळी असायची, बांधाकडेला वाळकं आणि काकडी, कुठं चार ताटं भेंडीची. ते कुणी 'भाजीपाला लागवड' म्हणून केलेलं नव्हतं. पेरणीच्या वेळी घरच्या बाईनं मूठभर बी मोघ्यात सोडलेलं असायचं, ते यायचं. आणि जे पेरलं नव्हतं तेही यायचं. निंदायला गेलेली बाई येताना ओटीत तांदुळजा आणायची, पाथरी आणायची, घोळ आणायची. हिवाळ्यात करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचा खुडा. उन्हाळ्यात विहिरीच्या दांडाला चिवळ.

मग सलग पीक आलं, सोयाबीन आलं, तणनाशक आलं. तणनाशकाला मी नावं ठेवणार नाही. निंदायला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, हे मला माहीत आहे. पण ते औषध तांदुळजा आणि गाजरगवत यांत भेद करत नाही. तणाबरोबर कोरड्यासही मेलं. शेतातून फुकट येणारी भाजी बंद झाली, त्याचा खर्च तणनाशकाच्या बाटलीवर लिहिलेला नव्हता म्हणून आपण धरला नाही.

दुसरी बाजू बहिणींनी नीट ऐका. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर कुटुंबांच्या आरोग्याची जी पाहणी झाली, तीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, शंभरात चौपन्न, अंगात रक्त कमी असलेल्या निघाल्या. या मांडवात किती बहिणी बसल्या आहेत ते बघा आणि तुम्हीच मोजा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं माणशी रोज निदान तीनशे ग्रॅम भाजी सांगितली होती, त्यात पालेभाजी हवीच. सहा माणसांच्या घराला पावणेदोन किलो. आपल्या घरी एक पाव वांग्यांचं पातळ कालवण होतं, ते आधी पुरुष आणि पोरं जेवतात, आणि शेवटी जी बसते तिच्या भाकरीबरोबर ठेचा उरतो.

आता माझी चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

मी कृषी पदवीधर. परभणीच्या विद्यापीठात शिकलो. परसबागेचा धडा होता, परीक्षेला आकृती यायची. एक गुंठा जागा, सात वाफे, कडेनं शेवगा, लिंबू, पपई, कढीपत्ता, एका कोपऱ्यात कंपोस्टचा खड्डा, दुसऱ्या कोपऱ्यात मधमाशांची पेटी. फार देखणी आकृती. मला पैकीच्या पैकी मार्क होते. पुढं नोकरीत असताना एका गावात मी ती आकृती छापून घरोघर वाटली, सोबत बियांची पाकिटं. चाळीस घरांनी बागा केल्या. होळीला गेलो तर गाव हिरवं, वरिष्ठांना घेऊन गेलो, फोटो निघाले. रामनवमीनंतर गेलो तर चाळीसांपैकी तीन वाफे जिवंत होते. ते तीन ज्यांच्या दारात बोअर होता त्यांचे. बाकी ठिकाणी वाळलेल्या वेलांना शेळ्या तोंड लावत होत्या.

एका बाईला मी विचारलं, मावशी, असं कसं झालं? ती हंड्यांची जोडी खाली ठेवत म्हणाली, "सायब, तुमच्या कागदावर समदं व्हतं, पानी कोन वाहनार तेवढं नव्हतं."

त्या रात्री मी पहिल्यांदा गणित केलं. शिकवलेलं होतं, पण माणसाच्या डोक्यावरच्या हंड्याशी ते कधी जोडलं नव्हतं. पाऊस आपण मिलिमीटरमध्ये मोजतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं उघड्या भांड्यातलं पाणी दिवसाला दहा मिलिमीटर आणि त्याहून जास्त उडतं. आच्छादन घातलेल्या भाजीच्या वाफ्याला आठ धरा. एक गुंठा म्हणजे एकशे एक चौरस मीटर. आठशे लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर चोपन्न घागरी. रोज! चाळीस घरांच्या बायकांना मी भर वैशाखात हापशावरून रोज चोपन्न घागरी जास्तीच्या आणायला सांगून आलो होतो, आणि वर बियांच्या पाकिटाचा फोटो काढला होता. बागा वाळल्या हे बरंच झालं म्हणायचं. एखादीनं खरोखर वाहिल्या असत्या तर?

म्हणून आज मी आकृती आणलेली नाही. बाग कशी आखायची ते घरातलं सांडपाणी सांगतं. पेरायची माघात, पण आकडा धरायचा वैशाखाचा.

कसं मोजायचं? उद्यापासून आठ दिवस न्हाणीजवळ भिंतीवर कोळशानं रेघा मारा. अंघोळीची, भांड्यांची, तांदूळ-डाळ धुतलेली, जनावरांच्या टाक्यात उरलेली, जी घागर वापरून बाहेर गेली तिची एक रेघ. आठ दिवसांनी आठानं भागा. सहा माणसांच्या घरी आठ-दहा रेघा निघतील असा माझा अंदाज आहे. टंचाई आली की त्या पाच-सहावर येतील, तोही विचार करा. दहा घागरी म्हणजे दीडशे लिटर. आठ मिलिमीटरनं भागलं की साधारण एकोणीस चौरस मीटर, म्हणजे दहा फूट बाय वीस फूट. पाच घागरी निघाल्या तर दहा बाय दहा. एवढीच बाग. एक हात जास्त नाही. गुंठ्याची हौस पावसाळ्यात भागवा, तेव्हा पाणी वरून येतं.

नवीन पाणी एक थेंब आणायचं नाही, हा नियम. आज नळयोजना गावोगाव गेल्या, कागदावर माणशी पंचावन्न लिटर आहे. उन्हाळ्यात त्यातलं किती येतं ते तुम्ही मला सांगायला नको.

सांडपाण्यात साबण असतो, मग झाडं मरणार नाहीत का, हा प्रश्न दर सभेत येतो. अंघोळीच्या साबणाचं पाणी थोडं थोडं, जागा बदलत दिलं तर चालतं. राखेनं घासलेल्या भांड्यांचंही चालतं. कपड्यांच्या पावडरचं आणि सोड्याचं पाणी मात्र वाफ्यात नको. त्यात सोडियम असतो. आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, विम्ल. सोडियम चढला की ढेकूळ विरघळून चिखल होतो, वाळला की सिमेंट होतो, आणि मुळाला हवा मिळत नाही. ते पाणी वेगळं काढून वाटेवर टाका, धूळ तरी बसेल. बाकीच्या पाण्याला न्हाणीच्या तोंडाशी दोन फुटांचा खड्डा करा, त्यात खाली विटांचे तुकडे, वर वाळू. खड्ड्याच्या कडेला दोन केळी आणि अळू. त्यांना असलं पाणी मानवतं. खड्ड्यातून निथळून पुढं येईल ते वाफ्याला, आणि तेही मुळाशी, पानांवर नाही. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, काकडी यांना सांडपाणी देऊ नका, त्यांना डाळ-तांदळाचं धुवण द्या.

आता वाफा. पावसाळ्यात आपण गादीवाफा उंच करतो. उन्हाळ्यात त्याच्या उलट, वाफा जमिनीच्या वीतभर खाली, परातीसारखा. पाणी आत राहतं आणि वारा कमी लागतो. आपल्या मातीला चैत्रात भेगा पडतात, ओतलेलं पाणी भेगेतून थेट खाली जातं, मुळाला दिसतही नाही. म्हणून भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा आणि वर चार बोटं सोयाबीनचं किंवा तुरीचं भुसकट पसरा. भुसकट आपण पेटवून देतो किंवा विकतो. दोन पोती ठेवा. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचा तट्ट्या उभा करा, दुपारचं ऊन अडतं.

वेलांसाठी एक जुनी युक्ती आहे, मडक्याची. जुना माठ गळ्यापर्यंत पुरायचा, भरायचा, वर झाकण ठेवायचं, भोवती तीन-चार बिया टोकायच्या. पाणी पाझरतं तेवढंच मूळ घेतं. दोन-तीन दिवसांनी एकदा भरलं की पुरतं. पण यात फसगत होते. आपण नेमका तो माठ पुरतो जो गार पाणी देईनासा झाला म्हणून टाकून दिलेला असतो. गार देत नाही, कारण क्षारांनी त्याची छिद्रं बुजली आहेत. बुजलेला माठ मातीतही पाझरणार नाही. पुरण्याआधी भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून ओला दिसला तर पुरा, नाही तर विटेच्या तुकड्यानं घासून पुन्हा बघा.

काय लावायचं हे मी सांगणार नाही, ते घरची बाई ठरवेल. मी फक्त काय मरतं ते सांगतो. टोमॅटो मरतं. झाड मरत नाही, पण पारा चढला की फूल गळतं, आणि तुम्ही दोन महिने नुसत्या पानांना पाणी घालत बसता. कोथिंबीर आणि पालक तापलं की तुऱ्यावर येतात. त्यांची आता घ्या एक-दोन कापणी, फाल्गुनात त्यांची जागा मोकळी करा. उन्हाला उभी राहते गवार, तिच्यासारखी चिवट दुसरी नाही. चवळी राहते. भेंडी राहते. पाल्यात तांदुळजा, घोळ, चिवळ, अंबाडी. ज्यांना आपण रानातून घालवलं त्यांनाच आता बी पेरून बोलवायचं आहे. एक माठाभोवती दोडका, एक कारलं, झालं. कारल्याचं बी टणक, रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात चुलीजवळ ठेवा, मोड आला की टोका. रथसप्तमी ते शिवरात्र ही वेलांची वेळ. त्याआधी थंडीनं बी कुजतं, त्यानंतर फूल यायला नेमका कडक उन्हाळा गाठतो.

भेंडीचं एक सांगतो. भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो हळद्या तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. १९८० च्या दशकात आपल्या परभणीच्या विद्यापीठानं त्याच्यावर टिकणारा वाण काढला, परभणी क्रांती. भेंडीचा एका रानटी भाऊबंदाशी संकर करून काढलेला, आणि पुढं देशभर गेला. आता त्याच्यावरही हळद्या दिसायला लागला आहे, तरी तो सरळ वाण आहे, त्याचं बी घरी धरता येतं. संकरित पाकिटाचं बी दुसऱ्या वर्षी आईबापावर जात नाही, दरवर्षी पाकीट घ्यावं लागतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी राखेत, मडक्यात गावरान बियाणी जपली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पद्मश्री राहू द्या, पण आपल्या सासूच्या माळवदावर टांगलेला तो वाळका दोडका खाली काढा आणि हलवून बघा, बी वाजतं का. फक्त दुधी, दोडका किंवा काकडी चाखल्यावर कडूजहर लागली तर ती खाऊ नका आणि तिचं बीही धरू नका. तो कडूपणा विषारी असतो.

शेवगा मात्र प्रत्येकानं लावावा, यात माझा आग्रह आहे. आता खड्डा घ्या, दोन फूट, उन्हानं तापू द्या, मृगात फांदी किंवा बी लावा. एकदा धरला की त्याला माणसाची गरज नाही. शेंगा आपण खातो, पाला शेळीला टाकतो. पाला खा, आमटीत, थालीपिठात. वर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. आणि जेवल्याबरोबर चहा नको, तो ते लोह अडवतो. हे शेवटचं कुणी ऐकणार नाही, मीही ऐकत नाही.

आता एक बाब आपण कापूसवाले म्हणून. भेंडी आणि कापूस एका कुळातले. कापसावरचे तुडतुडे, पांढरी माशी, ठिपक्यांची बोंडअळी भेंडीवर मजेत राहतात, गुलाबी अळीसुद्धा. २०१७ साली गुलाबी अळीनं महाराष्ट्रभर काय केलं ते आपण विसरलो नाही. दारातली भेंडी उन्हाळाभर खा, पण कापूस पेरण्याआधी उपटून जनावराला घाला, जून झालेली झाडं 'बी धरायचं' म्हणून श्रावणापर्यंत उभी ठेवू नका. बियाला दोन झाडं राखा, ती रोज डोळ्यांखाली असू द्या. कुंपण तुराट्यांचं करा, बोराटीचं करा, पऱ्हाटीचं नको. पऱ्हाटीवरच्या किडक्या कवड्यांत ती अळी झोपलेली असते, दाराशी कुंपण म्हणजे तिला ओसरी दिल्यासारखं.

आणि हात जोडून सांगतो, कापसाचं उरलेलं औषध परसात आणू नका. बहुतेक घरांत हे होतं. दोन झाकणं उरली, वांग्यावर मारू. कापूस आपण खात नाही, वांगं उद्या ताटात येणार आहे. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. औषधाचा रिकामा ड्रम पाणी साठवायला धुऊन घेतला तरी नको. पंप न्हाणीवर धुऊ नका, आता ते पाणी केळी-अळवाकडं जाणार आहे. मावा आला तर फडक्यानं पुसा, निंबोळीचा अर्क मारा, फार झालं तर ते झाड उपटा. वीस फुटांची बाग आहे, प्रत्येक झाड ओळखीचं असतं.

शेवटचा मुद्दा पुरुषांना आवडणार नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. त्यातली सीताशेती म्हणजे बाईच्या हाती जमिनीचा तुकडा, बाहेरून विकत काही न आणता घरच्या पोटासाठी पिकवलेला. त्याच काळात घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करून द्यायची लक्ष्मीमुक्ती झाली, गावंच्या गावं पुढं आली. आम्ही कार्यकर्ते त्या गोष्टी अभिमानानं सांगतो. पण सीताशेतीचं नाव घेऊन काही घरांत काय झालं? पऱ्हाटी वेचून, स्वयंपाक करून, जनावरं बांधून झाल्यावर तिच्या माथी आणखी एक काम आलं. त्याला नाव मोठं होतं, काम तेच. माझ्या त्या चाळीस बागाही अशाच होत्या.

म्हणून वाटणी आधी ठरवा. वाफा वीतभर खोल उकरायचा, न्हाणीचा खड्डा आणि चर काढायचा, शेणखत टाकायचं, तुराट्यांचा तट्ट्या आणि कुंपण, ही पुरुषांची कामं, शिवरात्रीच्या आत. रोजच्या पाण्याला चर काढलेला असला की कुणी वाहावं लागत नाही. काय पेरायचं, कोणाला द्यायचं, गवार जास्त निघाली तर विकायची की नाही, विकली तर ते पैसे कुणाचे, हे तिचं. तीस रुपयांची गवार विकली आणि ते तीस रुपये धन्यानं मागितले, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वर्षाला दोन क्विंटल कापूस पिशवीत घालताना ज्याचा हात थरथरला नाही त्याचा तीस रुपयांवर डोळा!

किती वाचेल, असं विचारलं जाईल. दहा बाय वीस फुटांतून घराची सगळी भाजी निघणार नाही, कांदे-बटाटे आणावेच लागतील. भर वैशाखात निम्मा वाफा सोडून द्यावा लागेल, तो सोडायची तयारी आधीच ठेवा, गवार आणि पाला राखा. आठवड्यात तीन-चार दिवस घरचं हिरवं ताटात आलं तर मी बाग जमली म्हणेन. पिशवीतले निम्मे पैसे वाचले तरी क्विंटलभर कापूस घरात राहिला.

मी येताना पिशवीत गवारीचं आणि तांदुळज्याचं बी आणलं आहे, पन्नास घरांना पुरेल एवढं. आज वाटणार नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा साखऱ्याला येतोय, घरोघर येईन. न्हाणीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा दाखवा आणि चर खणलेला दाखवा, बी तिथंच घरच्या बाईच्या हातात देईन. रेघा कमी निघाल्या तर लाजू नका, वाफा लहान करू. आता चहा आला आहे. कापसाच्या ठरावावर सह्या राहिल्या आहेत, त्या करूनच उठा.